कोल्हापूर ते बंगळूर : एका पद्मिनीचा प्रवास

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक, डॉक्टर आणि लेखक बोलून गेले. मी कृष्णराजपुरमच्या लोको शेडमध्ये काम करणारा, कोल्हापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेतलेला साधा इंजिनिअर. कार्यवाह म्हणाले, "तुमच्या त्या जुन्या गाडीबद्दल बोला, अर्धा तास." रेल्वेच्या माणसाला वेळ दिली की तो ती पाळतोच असं नाही, पण प्रयत्न जरूर करतो.

मार्च २०२५ मध्ये मी कोल्हापूरहून १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी रस्त्याने चालवत बंगळूरला आणली. सुमारे ६१० किलोमीटर, तीन दिवस. लोकांना वाटतं, एवढी जुनी गाडी एवढ्या लांबून आणणं हेच अवघड असणार. ते तसं फार अवघड नव्हतं. अवघड प्रश्न गाडी घरी पोचल्यावर समोर आला, आणि तो कोणत्याही पान्याने सुटणारा नव्हता. तो मी शेवटी सांगणार आहे. पण आधी गाडीची ओळख करून देतो.

पन्नाशीच्या पुढच्या मंडळींना फियाट सांगायला नको. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात, पुढे १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटच्या गाड्या येऊ लागल्या. गोल नाकाची ती जुनी गाडी आपल्याकडे 'डुक्कर फियाट' म्हणून प्रसिद्ध झाली. मग १९६४ च्या सुमारास चौकोनी अंगाची अकराशे 'डिलाइट' आली, आणि १९७४ पासून तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरची दांडी स्टिअरिंगला. चारही चाकांना ड्रम ब्रेक. माझ्या लहानपणी आमच्या गावात अशी एकच गाडी होती, डॉक्टरांची, आणि ती दारात उभी राहिली की आळीतली पोरं अभ्यास सोडून तिच्याभोवती जमत.

आता या गाडीचं आणि बंगळूरचं नातं ऐका. मोटारींचा कारखाना भारतात असावा, ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात तयार केली होती. त्यासाठी ते युरोप-अमेरिकेत फिरून आले. वालचंद हिराचंद यांनी ती योजना उचलून धरली. म्हैसूर संस्थान मदतीला तयार होतं, पण ब्रिटिश सरकारने ते होऊ दिलं नाही. वालचंदांनी १९४० साली बंगळूरमध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत विमानाचा कारखाना मात्र काढला. तोच आजचा एचएएल. मोटारींचा कारखाना कुर्ल्याला गेला. त्यामुळे माझी गाडी पाहून कुणी विचारतं, "ही बाहेरची गाडी इथे कशाला आणलीत?" तेव्हा मी सांगतो, "बाहेरची नाही हो, घरी यायला जरा उशीर झाला एवढंच."

ही गाडी कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गूळ व्यापाऱ्यांची. वय एक्क्याऐंशी. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणतो. त्यांच्या वडिलांनी गाडीसाठी नाव नोंदवलं आणि कित्येक वर्षं वाट पाहिली, कारण त्या काळी गाडी विकत घेण्याआधी ती मिळायची वाट पाहावी लागे. नोव्हेंबर १९७४ मध्ये गाडी दारात आली. तेव्हापासून पन्नास वर्षं तिने एकच घर पाहिलं. काकांची मुलं पुण्याला आणि परदेशात. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे काकांना क्लच दाबवेना, म्हणून गाडी द्यायची ठरली.

गिऱ्हाइकं बरीच आली होती. एकाला ती लग्नाच्या वरातींसाठी भाड्याने द्यायची होती. दुसऱ्याला तिचा पुढचा अर्धा भाग कापून हॉटेलात सोफा करायचा होता, आणि त्याने माझ्यापेक्षा बरीच जास्त किंमत सांगितली होती. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली अट, गाडी रस्त्याने चालवत न्यायची. मी म्हटलं, "काका, एवढी जुनी गाडी, ट्रकवर घालून नेली तर सुरक्षित नाही का?" काका म्हणाले, "चालत आलीया, चालतच जाईल. ट्रकावर घालून न्यायला ती काय मेलेली म्हैस हाय?" दुसरी अट, गाडी कापडाखाली झाकून ठेवायची नाही, फिरती ठेवायची. दोन्ही अटी मी मान्य केल्या.

गाडीबरोबर काकांनी मला एक वस्तू दिली. लाल कापडी बांधणीची, व्यापाऱ्याची असते तशी चोपडी. त्यांच्या वडिलांनी गाडी आली त्या दिवशी ती सुरू केली होती. पेट्रोल कधी भरलं, किती लिटर, मीटरवर किती किलोमीटर, ऑइल कधी बदललं, कोणता भाग कोणत्या मिस्त्रीने घातला, सगळं तारखेनिशी. वडील गेल्यावर अक्षर बदललं, नोंदी थांबल्या नाहीत. मंडळी, आम्ही रेल्वेवाले रजिस्टरवर जगतो. इंजिन शेडमध्ये आलं की त्याचं रजिस्टर आधी उघडतो, पाना नंतर हातात घेतो. कोणता भाग किती चालला, मागच्या वेळी कशाची तक्रार होती, हे कळल्याशिवाय इंजिनाला हात लावणं म्हणजे रोग्याची नाडी न बघता औषध देणं. त्यामुळे ती चोपडी पाहून मला गाडीपेक्षा जास्त आनंद झाला, हे मी काकांना सांगितलं नाही, पण त्यांच्या लक्षात आलं असावं.

आता तयारी. रेल्वेत गाडी सुटण्याआधी ब्रेकची तपासणी होते आणि ब्रेक पॉवर सर्टिफिकेट दिलं जातं. ते गार्ड आणि ड्रायव्हरच्या हातात पडल्याशिवाय गाडी हलत नाही. इंजिनची ताकद कमी असेल तर गाडी उशिरा पोचते, ब्रेकची कमी असेल तर पोचतच नाही. म्हणून मी चार दिवसांची रजा जास्त घेतली आणि गाडी शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. कोल्हापूरच्या उद्यमनगराबद्दल मी काय सांगावं? तिथल्या गल्ल्यांमध्ये ओतकाम, लेथ, इंजिनदुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मिळत नसलेला भाग तिथे करून मिळतो.

मिस्त्रींनी चारही ड्रम उघडले. ब्रेक लायनर नवे घातले, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरमधले रबर बदलले, ब्रेकचे लवचिक पाइप नवे टाकले. त्यानंतर माझ्या आग्रहावरून पेट्रोलच्या मार्गातले सगळे रबरी पाइप बदलले. त्याचं कारण सांगतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९७४ सालचं रबर इथेनॉलसाठी बनवलेलं नव्हतं, ते मऊ पडतं, फुगतं आणि चिरतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवतं. तो गाळ थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन अडकतो. म्हणून टाकी उतरवून धुतली, पाइपात फिल्टर बसवला आणि दोन जादा फिल्टर खिशात ठेवले. आमच्या भागातल्या उसापासूनच हे इथेनॉल होतं. काकांनी आयुष्यभर ज्या उसाचा गूळ विकला, तो ऊस आता त्यांच्या गाडीच्या टाकीत आला होता. मिस्त्री म्हणाले, "म्हणूनच गाडी गोड चालत्या."

सुट्या भागांबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, तरी भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. टॅक्सी रोज चालते म्हणजे रोज झिजते, आणि झिजते म्हणून तिचे भाग करणारे, विकणारे, बसवणारे जगतात. मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. तेव्हापासून मिस्त्रींसारख्या माणसांचं काम आणखी कमी झालं. त्यांचा मुलगा गॅरेजात आहे, पण तो गाडीला संगणक जोडून दोष शोधतो. पॉइंटचा गॅप त्याला शिकायची गरजच पडली नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

निघायच्या दिवशी पहाटे अंबाबाईचं दर्शन घेतलं. काकांच्या सुनेने गाडीला हळदकुंकू लावलं. काकांनी खुर्ची दारात मांडायला सांगितली होती. ते उठले नाहीत, नुसता हात वर केला. माझ्याबरोबर आमच्या शेडमधले एक सहकारी होते. ते मूळचे तुमकूरचे, आज इथे दुसऱ्या रांगेत बसले आहेत. नाव घेतलं तर रागावतील.

वेग ताशी पन्नास ते पंचावन्न ठेवायचा, दर पन्नास किलोमीटरला थांबून चारही चाकांच्या ड्रमला हात लावून पाहायचा, असं आम्ही ठरवलं होतं. एखादा ड्रम इतरांपेक्षा जास्त गरम लागला तर ब्रेक धरून राहिला आहे किंवा बेअरिंग कुरकुरतंय असं समजायचं. रेल्वेत हॉट ॲक्सल शोधायची जुनी रीत हीच. कागल, निपाणी झाल्यावर तवंदी घाट लागला. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखत उतरलो. ब्रेक फक्त वळणाआधी. पायथ्याशी थांबून ड्रम तपासले, चारही सारखे. तिथे मी सहकाऱ्यांना म्हटलं, "सर्टिफिकेट मंजूर."

संकेश्वर मागे टाकून दुपारी बेळगावला पोचलो. बेळगाव म्हटलं की मला सीमाप्रश्नाआधी लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. त्यांनी १८८८ साली इथेच सायकलींचं छोटं दुकान काढलं, मग नांगर केले, आणि १९१० साली औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. पुढे त्याच उद्योगसमूहाची शाखा हरिहरला आली, म्हैसूर किर्लोस्कर, १९४१ साली, लेथ बनवणारी. आणि १९४६ साली बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. म्हणजे आम्ही ज्या रस्त्याने पद्मिनी आणत होतो, त्याच वाटेने मराठी माणसांचं यंत्रज्ञान कितीतरी आधी येऊन बसलं होतं, आणि इथल्या कामगारांच्या हातात जाऊन इथलंच झालं होतं. शहाजीराजे तर १६३८ नंतर बंगळूरला आले. त्यांना जहागीर मिळाली होती, आपल्याला नेमणुकीचं पत्र मिळालं, फरक एवढाच.

पहिला मुक्काम हुबळीला. रेल्वेच्या माणसाला हुबळीत पाहुणा वाटायचं कारण नाही. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून तिथे रेल्वेचं मोठं वर्कशॉप आहे. माझे काही जुने बॅचमेट तिथे आहेत. संध्याकाळी त्यांनी गाडीचं बॉनेट उघडून जी चर्चा केली, तेवढी गंभीर चर्चा आमच्या विभागीय बैठकीतही होत नाही.

दुसऱ्या दिवशी हावेरी ओलांडल्यावर, भर दुपारी, गाडीने आचके द्यायला सुरुवात केली आणि बंद पडली. पेट्रोल होतं, ठिणगी होती, पण कार्ब्युरेटर कोरडा. मी चोपडी उघडली. मे १९७९ ची नोंद होती, काकांचे वडील सहकुटुंब तिरुपतीला याच रस्त्याने गेले होते तेव्हाची. "हावेरीपुढे गाडी बंद. पंपावर ओले फडके. वीस मिनिटांत चालू." त्यानंतर उन्हाळ्यातल्या प्रत्येक लांबच्या प्रवासात 'ओले फडके' हे दोन शब्द होतेच.

या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालत नाही, तो इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. इंजिन फार तापलं की पंपातल्या आणि पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ओढू शकतो, वाफ ओढू शकत नाही. म्हणून पंपावर ओलं फडकं ठेवून त्याला थंड करायचं, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी चालू होते. आमच्याकडे फडकं होतं, प्यायचं पाणी होतं. पंचवीस मिनिटं लागली. चोपडीत मी लिहिलं, "हावेरीपुढे गाडी बंद. पंपावर ओले फडके. पंचवीस मिनिटे." सेहेचाळीस वर्षांत उपाय तोच, वेळ मात्र पाच मिनिटं वाढली.

दावणगेऱ्यापर्यंत आलो तेव्हा इंजिन थोडं अडखळत होतं. बेन्ने डोसा खाल्लेल्या हॉटेलच्या मालकांनी एका जुन्या मिस्त्रींचा पत्ता दिला. साठीच्या पुढचे गृहस्थ, मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. माझं कन्नड वीस वर्षांत भाजीमंडईच्या पुढे सरकलेलं नाही, त्यामुळे सहकारी दुभाषे झाले. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, पॉइंट पाहिले, पॉलिश पेपरने घासले आणि हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा मधे सरकवून गॅप लावला. दहा मिनिटांत इंजिन शिवणयंत्रासारखं चालू लागलं. मी चोपडी काढून नोंद करायला बसलो, तसं त्यांनी विचारलं, काय लिहिताय? सहकाऱ्यांनी सांगितल्यावर त्यांनी चोपडी मागून घेतली, मागची पानं चाळली. वाचता येत नव्हती, पण आकडे आणि तारखा कळत होत्या. मग पेन घेतलं आणि आपण काय केलं, गॅप किती ठेवला, पुन्हा कधी तपासायचा, हे स्वतःच्या हाताने कन्नडमध्ये लिहून खाली सही केली. म्हणाले, "पुढच्या मेकॅनिकला कळायला हवं ना."

चित्रदुर्गला दुसरा मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी हिरियूर, सिरा, तुमकूर. तुमकूरला सहकाऱ्यांच्या आईंनी गाडीसमोर नारळ फोडला आणि आम्हाला मुद्दे-सारू खायला घातलं. कोल्हापूरपासून तिथपर्यंत जेवढी काळजी वाटली नाही, तेवढी नेलमंगलपासून हेब्बाळपर्यंत वाटली. घाट, ऊन, महामार्ग सगळं या गाडीने पाहिलेलं होतं, बंगळूरचं ट्रॅफिक पाहिलेलं नव्हतं. संध्याकाळी साडेसातला गाडी घरी पोचली. गुढीपाडव्याला तिची पूजा झाली. इथपर्यंत सगळं आनंदाचं.

आता तो प्रश्न. मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदवलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि नवा क्रमांक घ्यावा लागतो. काकांच्या गाडीला तीन इंग्रजी अक्षरांचा, १९८९ पूर्वीच्या पद्धतीचा क्रमांक होता. आकड्यांची बेरीज नऊ. त्यांच्या वडिलांनी तो मुद्दाम मागून घेतलेला. काकांच्या नातवाने पुण्याहून फोन केला, "अंकल, गाडी तुमची झाली, पण तेवढा नंबर राहू द्या ना." त्याच्या सगळ्या लहानपणाच्या फोटोंत तो नंबर आहे.

जुन्या गाड्यांच्या शौकीन मित्रांनी मार्ग सुचवला. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवी नोंदणी असेल तर क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पूर्वीच नोंदणी झालेल्या गाडीचा मूळ क्रमांक राखण्याची सोय त्यात आहे. गाडीने नोव्हेंबर २०२४ मध्ये पन्नाशी ओलांडलेली होती. मित्र म्हणाले, "योग जुळून आलाय, नंबरही राहील आणि मानही मिळेल."

पण त्या नियमांची दुसरी बाजू अशी की व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे नंबर राहतो, आणि गाडी बहुतेक वेळ कापडाखाली जाते. साध्या नोंदणीत नंबर जातो, कर्नाटकाचा कर भरावा लागतो, ठरावीक मुदतीने तपासणी करून घ्यावी लागते, पण गाडी फिरती राहते.

हे नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. काही गाड्यांना तेच शोभतं. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते, आणि तिचा मान त्यातच आहे. पण दुसरं उदाहरण आमच्या रेल्वेचं आहे. १८५५ साली इंग्लंडमध्ये बांधलेलं 'फेअरी क्वीन' हे वाफेचं इंजिन कित्येक वर्षं संग्रहालयात उभं होतं. १९९७ साली ते बाहेर काढून पुन्हा रुळांवर चालवलं. ते चालवायचं ठरलं म्हणून वाफेचं काम जाणणाऱ्या माणसांना पुन्हा त्याला हात लावावा लागला. उभ्या इंजिनाला फक्त पुसणारा माणूस लागतो. चालत्या इंजिनाला फिटर लागतो, बॉयलर जाणणारा लागतो, ड्रायव्हर लागतो, आणि ते शिकवणारा कुणीतरी लागतो. पद्मिनी तर राजाची गाडी नव्हती. ती डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची, टॅक्सीवाल्यांची रोजची गाडी. तिचं जुनेपण तिच्या क्रमांकात आहे की तिच्या चालण्यात, असा माझ्यापुढचा प्रश्न होता.

दोन महिने मी अर्ज भरून ठेवले, दिले नाहीत. शेवटी काकांना फोन केला. एका बाजूला त्यांच्या वडिलांनी निवडलेला नंबर, दुसऱ्या बाजूला त्यांनीच घातलेली अट, हे सगळं नीट समजावून सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग काकांनी विचारलं, "कालच्याला गाडी कुठं नेली हुती?" मी म्हटलं, "मुलीला क्लासला सोडायला." "आनि परवा?" "परवा शेडमध्ये. सगळ्यांना चक्कर हवी होती." काका म्हणाले, "मग झालं की. नंबर पत्र्यावर असतोय. पोराला मी सांगतो." आणि फोन ठेवला. त्यांना वाईट वाटलं का? वाटलं असणार. आवाज जड झाला होता, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

जूनमध्ये गाडीची साधी नोंदणी झाली. आता तिचा क्रमांक केए ५३ ने सुरू होतो. त्या दिवशीची नोंद चोपडीत अशी आहे : वर जुना क्रमांक पूर्ण, खाली नवा क्रमांक पूर्ण, तारीख, मीटरवरचे किलोमीटर. त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद लगेच सुरू होते, पेट्रोल, पंधरा लिटर. नवी चोपडी मी केलेली नाही. मराठीतल्या दोन पिढ्यांच्या अक्षरांखाली दावणगेऱ्याच्या मिस्त्रींचं कन्नड आहे, त्याखाली माझं वेडंवाकडं अक्षर, आणि गेल्या महिन्यापासून माझ्या मुलीचं. ती मराठी बोलते चांगलं, लिहायचा कंटाळा करते. पण गाडीतून फिरायचं असेल तर नोंद तिने करायची, असा आमच्या घरचा नियम आहे. 'ओले फडके' हे दोन शब्द तिने पहिल्यांदा लिहिले ते होसूर रस्त्यावर.

नातवालाही मी पत्र लिहिलं, आणि चोपडीच्या पहिल्या पानाची छायाप्रत पाठवली, त्याच्या पणजोबांच्या अक्षरातली. त्याचं उत्तर आलं. दिवाळीत काकांना घेऊन इथे यायचा त्याचा विचार आहे. काकांना क्लच दाबवत नाही, पण शेजारी बसून गिअर कधी टाकायचा हे ते नक्की सांगतील.

सभेत बसलेल्यांना एक विनंती करून थांबतो. तुमच्यापैकी अनेकांच्या गावच्या घरी असं काहीतरी असेल. स्कूटर, शिवणयंत्र, रेडिओ, तेलाचं इंजिन. ते आणा, किंवा तिथेच चालू करा, पण त्याआधी ते चालवणाऱ्या माणसाजवळ एक दिवस वही घेऊन बसा. कुठे तेल घालायचं, कशाने अडतं, काय केलं की चालतं, हे लिहून घ्या. लोखंड पन्नास वर्षं थांबतं, माणसं थांबत नाहीत.

आणि माझ्या रेल्वेतल्या मित्रांसाठी शेवटची सूचना. गाडी बाहेर उभी आहे, भाषणानंतर चक्कर मिळेल. एका वेळी चौघेच. चक्कर झाल्यावर चोपडीत सही करावी लागेल, भाषा कोणतीही चालेल.

गणपती बाप्पा मोरया!